डुरक्या की घोणस

मला चावलेला साप मी नीट पाहिलाच नाही. सोयाबीनच्या ढिगावरची ताडपत्री मागे ओढायला मी वाकले, डावा हात तिच्या कडेखाली घातला आणि अंगठ्याच्या मुळाशी कोणीतरी दगड मारल्यासारखं झालं. हात झटकून मागे घेतला तेव्हा वाळक्या काडांमध्ये एक जाड, मातकट अंग आत सरकताना दिसलं. त्यावर काळपट तपकिरी ठिपके होते. डोकं दिसलं नाही, शेपूट दिसली नाही. पुढे दिवसभर जो भेटेल त्यानं मला साप कसा होता हेच विचारलं, आणि माझ्याजवळ सांगायला तेवढं वीतभर अंगच होतं.

दिवाळीच्या सुट्या होत्या. मी घनसावंगीला अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. नवऱ्याचं तिथंच पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. शेत गोदावरीच्या अंगाला आहे, ते दीर आणि जाऊ बघतात. सुट्टीत आम्ही शेतावर मुक्कामाला जातो. मला शेतकामाचा सराव नाही. केदारखेड्याला माहेरी शेती होती, पण वडिलांनी मला कधी रानात नेलं नाही, पुस्तक घेऊन बस म्हणायचे. तरी मळणीच्या दिवशी माणूस कमी पडतं, म्हणून मीही पदर खोचून उभी राहिले होते. मळणीयंत्र यायचं होतं. दीर त्याची वाट बघत बांधावर उभा होता. नवरा विहिरीवर बिघडलेली मोटार खोलून बसला होता. जाऊ आणि मी ढीग मोकळा करत होतो.

जाऊ म्हणाली, "ताई, काय झालं?"

मी म्हणाले, "साप."

माझा आवाज इतका साधा निघाला की तिला आधी खरंच वाटलं नाही. मग तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याखाली रक्ताचा एक थेंब आला होता आणि त्याच्या बाजूला ओरखडा होता. दोन दात स्पष्ट उमटले असते तर मला काही कळलं असतं. एक ठिपका आणि एक ओरखडा, यातून काहीच कळत नव्हतं. तेवढ्यात आग सुरू झाली. तापलेल्या तव्यावर हात टेकला आणि उचलताच येत नाही, तशी.

जाऊ सुतळी घेऊन मनगट आवळायला धावली. मी तिला थांबवलं. आवळून बांधायचं नाही, नुसता हात हलू द्यायचा नाही, हे मी वर्गात कित्येकदा सांगितलेलं होतं. एक फळी घेऊन तिनं माझ्या ओढणीनं हात त्यावर सैल बांधला. नवरा विहिरीकडून पळत आला. त्याचे दोन्ही हात ग्रीसनं काळे झालेले होते. हात सुजायच्या आत बांगड्या काढायला हव्या होत्या. तो म्हणाला, फोडून टाकू. जाऊ मध्ये पडली. बांगड्या फोडायच्या नाहीत, तिनं इतक्या कडकपणे सांगितलं की तो दबला. मग त्यानं आपल्या हाताचं ग्रीस माझ्या हाताला चोळलं आणि एकेक बांगडी ओढून काढली. प्रत्येक बांगडी अंगठ्यावरून जाताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती.

दीर ढिगाभोवती फिरून आला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तो म्हणाला, "वहिनी, डुरक्या असंल तो. आपल्या रानात डुरकेच निघतात. मागच्या साली याच ढिगात दोन निघाल्ते."

मला त्याच्यावर विश्वास ठेवायचा होता. डुरक्या म्हणजे डुरक्या घोणस, जाडजूड, आळशी, बिनविषारी साप. चावतो, रक्त काढतो, पण त्याच्या दातांत विष नाही. आणि नुसती घोणस म्हणजे आपल्याकडच्या सगळ्यांत वाईट सापांपैकी एक. दोघांच्या नावात घोणस आहे, कारण दोघं दिसायला तसेच आहेत. दोघांचं अंग जाड आणि मातीच्या रंगाचं, दोघांच्या पाठीवर तपकिरी ठिपके. शेपटीजवळून किंवा डोक्याकडून पाहिलं तर फरक कळतो. डुरक्याची शेपूट एकदम आखूड, बोथट. घोणशीचं डोकं मानेपासून वेगळं, त्रिकोणी, आणि ठिपके साखळीसारखे ओळीत. मी पाहिलं होतं ते मधलं अंग. मधल्या अंगावरून दोघं एकमेकांसारखेच दिसतात.

हे सगळं मला माहीत होतं, आणि भीती तिथूनच आली. सुट्या लागायच्या आधी मी वर्गात उत्क्रांतीचा धडा घेतला होता. अभिसारी उत्क्रांती समजावताना मी मुलांना बांधावरची दोन झाडं सांगते. फड्या निवडुंग आणि तीनधारी निवडुंग. एक परदेशातून आलेला, दुसरा इथलाच, चीक येणारा. दोघांचं कूळ वेगळं, पण दोघांवर कोरड्या हवेची तीच सक्ती, म्हणून दोघांनी पानं टाकली, खोडात पाणी साठवलं, काटे धरले. आपण दोघांनाही निवडुंगच म्हणतो. मग मी सापांचं उदाहरण दिलं होतं. पालापाचोळ्यात दबा धरून उंदराची वाट बघायची, तर अंग पाचोळ्यासारखं हवं. जे उठून दिसले त्यांना घारीनं नेलं, मुंगसानं खाल्लं. जे दिसले नाहीत ते उरले आणि त्यांची पिल्लं त्यांच्यासारखी झाली. असं पिढ्यान्‌पिढ्या होत होत दोन वेगळ्या घरांतले साप एकाच ठिपक्यांपाशी येऊन पोचले. काही जाणकार म्हणतात की डुरक्याला त्याचा वरून आणखी फायदा झाला, शत्रू त्याला घोणस समजून लांब राहिले. मुलं हसली होती. मीही हसले होते.

आता त्याच ठिपक्यांनी मला फसवलं होतं, की वाचवलं होतं, ते कळत नव्हतं.

नवऱ्यानं मोटरसायकल काढली. मला मध्ये बसवलं आणि मागून जावेनं दोन्ही हातांनी मला धरलं. दीर यंत्रवाल्यांची वाट बघत मागे थांबला. डुरक्या असला तरी दाखवून येऊ, असं नवरा म्हणाला. सगळे एकमेकांना धीर देत होते आणि सगळ्यांचे आवाज चढे होते. कच्च्या रस्त्यावर प्रत्येक धक्का हातातून खांद्यात जात होता. मी जिभेनं हिरड्या चाचपत होते, रक्ताची चव येते का ते बघत. घोणशीच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं आणि पहिल्यांदा ते हिरड्यांतून येतं. चव नव्हती. मग वाटलं, आहे. मग वाटलं, ओठच चावला असेल. डांबरी रस्ता लागेपर्यंत हात कोपराच्या खालपर्यंत जड झाला होता. मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल असं वाटत होतं.

घनसावंगीच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिनं हात पाहिला, सुजेच्या कडेला पेनानं रेघ ओढली आणि साप कसा होता ते विचारलं. मी सांगितलं. नवरा म्हणाला, डुरक्या असावा. तिनं मान हलवली, पण हो म्हटलं नाही. दुसऱ्या हातातून थोडं रक्त काढून तिनं काचेच्या स्वच्छ नळीत भरलं आणि ती नळी खिडकीतल्या स्टँडवर उभी करून ठेवली. म्हणाली, हिला कोणी हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी नळी तिरकी करायची. रक्त गोठलं असेल तर ते नळीला धरून राहील. नसेल तर वाहील.

"सापाचं नाव नंतर बघू, मॅडम," ती म्हणाली. "औषध द्यायचं की नाही ते मी या नळीवरून ठरवते."

ती नळी माझ्या खाटेवरून दिसत होती. मी तिच्याकडे बघत पडून राहिले. बाहेर बसस्थानकाकडून जीपवाल्यांच्या हाका येत होत्या, अंबड, अंबड, जालना. नवरा सारखा आत-बाहेर करत होता. जाऊ पायथ्याशी बसून माझे तळपाय चोळत होती. सापाच्या चाव्यात त्याचा काही उपयोग नाही, पण मी तिला थांबवलं नाही.

आणि मग नवऱ्याचा फोन वाजला. दिराचा होता. त्यानं बांबूनं ताडपत्री बाजूला सारली होती आणि कडेलाच साप सापडला होता. त्याच्यावर तगारी पालथी घालायच्या आधी त्यानं फोटो काढून पाठवला होता. नवऱ्यानं तो मला दाखवला. आखूड, बोथट शेपूट. मानेपासून वेगळं न ओळखू येणारं डोकं. वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले ठिपके. डुरक्या. माझी खात्री झाली, तरी नवऱ्यानं फोटो गावातल्या एका सर्पमित्राला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. शंभर टक्के डुरक्या, बिनविषारी, घाबरायचं बिलकुल कारण नाही, मी संध्याकाळी येऊन घेऊन जातो.

तेव्हा मला काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. मी रडले. जाऊ हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. दुखणं तेवढंच होतं, पण ते आता नुसतं दुखणं होतं. नवऱ्यानं दिराला फोन लावून सांगितलं की सगळं ठीक आहे, यंत्र आलं असेल तर सुरू कर, आम्ही येतोच. यंत्र आलेलंच होतं.

त्याच डॉक्टरीणबाई आत आल्या. नवऱ्यानं त्यांना फोटो दाखवला आणि घरी जाऊ का विचारलं. त्यांनी फोटो नीट पाहिला, चांगलं झालं म्हणाल्या, आणि खिडकीकडे गेल्या. नळी उचलून त्यांनी हळूच तिरकी केली.

रक्त पाण्यासारखं नळीच्या तोंडाकडे वाहत गेलं.

त्यांनी नळी पुन्हा सरळ धरली, पुन्हा तिरकी केली. मला वाटलं, त्या चुकून दुसऱ्याच कोणाची नळी बघताहेत. मग त्यांनी नर्सला हाक मारून औषध तयार करायला सांगितलं आणि माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, फोटोतला साप खरा असेल. पण तुम्हाला चावला तो हा नाही.

हे माझ्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. जावेच्या डोक्यात आधी शिरलं. ती उभी राहिली. "मंग ती घोणस अजून ढिगातच हाय," ती म्हणाली. "आन ते तिथं मळणी करून राह्यले."

नवऱ्यानं दिराला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मळणीयंत्राच्या आवाजात माणसाला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, खिशातला फोन काय ऐकू येणार. दोन माणसं ढिगात उतरून कवळा भरतात, छातीशी धरून यंत्रापर्यंत नेतात आणि तोंडात लोटतात. दोन्ही हात त्या काडांच्या पोटात असतात. मी सकाळी एक हात घातला होता. ते दिवसभर दोन्ही घालणार होते. आणि सुरू कर म्हणून आम्हीच सांगितलं होतं.

शेजारच्या शेतवाल्याला लावला, तो परतूरला गेला होता. जावेचे ओठ पांढरे पडले होते. नवरा माझ्याकडे बघत होता. त्याला जायचं होतं आणि जाता येत नव्हतं. मी म्हणाले, "तुम्ही जा. इथं डॉक्टर आहेत."

तो गेला. मोटरसायकलचा आवाज वळणावर नाहीसा झाला तेव्हा मला समजलं की मी त्याला पाठवायला नको होतं. मला भयंकर भीती वाटत होती. पण तोवर नर्सनं सलाइनला औषध जोडलं होतं.

प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनतं. काहींच्या शरीराला ते सोसत नाही. थोड्याच वेळात माझं अंग खाजायला लागलं, मग थंडी भरली, दात वाजायला लागले. डॉक्टरांना ते अपेक्षित असावं, त्यांनी औषध थांबवलं, इंजेक्शन दिलं, पुन्हा हळूहळू सुरू केलं. मी जावेचा हात धरला होता. ती माझ्या अंगावर गोधडी ओढत होती आणि दुसऱ्या हातानं आपल्या नवऱ्याला फोन लावत होती. लावायची, कानाला धरायची, खाली ठेवायची, पुन्हा लावायची. तो फोन वाजल्याचा बारीक आवाज मला ऐकू यायचा. माझ्या तोंडात आता खरंच रक्ताची चव आली होती. मी थुंकी रुमालात घेतली आणि रुमाल मुठीत लपवला. तिला त्या क्षणी ते दाखवायचं नव्हतं.

दिराचा फोन आला तेव्हा ती इतकी दचकली की फोन खाली पडला. ट्रॅक्टरमधलं डिझेल बघायला यंत्र थांबवलं होतं, तेव्हा त्यानं खिशातून फोन काढला होता. तिनं एकच विचारलं, "तुमी बराबर हायत ना?" मग ती भिंतीला टेकून खाली बसली. तिनं घोणशीचं सांगितलं तेव्हा अर्धा ढीग संपला होता. त्यानं सगळ्यांना मागे घेतलं. नवरा पोचला, मग सर्पमित्रही संध्याकाळची वाट न बघता आला. त्यांनी लांब आकड्यांनी एकेक पेंढी ओढली. घोणस तळाशी होती, मातीला चिकटून. आकडा लागला तेव्हा ती कुकरची शिटी व्हावी तशी फुत्कारली. यंत्रवाल्यांपैकी एकजण तिथून दोन हातांवर मघापासून कवळे भरत होता. तो नंतर बांधावर बसून बराच वेळ उठलाच नाही, असं नवऱ्यानं सांगितलं.

एकाच ढिगाखाली दोघंही होते. दोघं उंदरांसाठीच आले होते.

दुपारनंतर मला रुग्णवाहिकेनं जालन्याला नेलं, कारण मूत्रपिंडांवर परिणाम झाला तर पुढची सोय तिथं होती. जाऊ बरोबर होती. अंबड मागे गेलं तेव्हा सूज पेनाच्या तिसऱ्या रेघेच्याही वर गेली होती. जालन्याच्या डॉक्टरांनी पुन्हा नळी भरली, आणि पुन्हा रक्त वाहिलं. इतकं औषध देऊनही. मी विचारलं, असं का होतंय? ते माझ्या पेशाबद्दल ऐकून होते. म्हणून असेल, त्यांनी मला लहान मुलासारखं समजावलं नाही, खरं ते सांगितलं.

हे औषध ज्या घोणशींच्या विषापासून बनतं त्या बहुतेक दक्षिणेकडे एका भागात पकडलेल्या असतात. घोणस देशभर आहे, पण सगळीकडे तिचं विष अगदी सारखं नाही. कुठं एक घटक जास्त, कुठं दुसरा. त्यामुळे औषध कुठं लवकर लागू पडतं, कुठं जास्त द्यावं लागतं. "तुमच्या बाबतीत लागू पडेल," ते म्हणाले. "किती द्यावं लागेल ते आत्ता सांगता येत नाही."

ते गेले आणि मी छताकडे बघत राहिले. त्यांनी जे सांगितलं त्याला अपसारी उत्क्रांती म्हणतात, आणि तीही मी शिकवते. एका कुळातले जीव वेगवेगळ्या मुलखांत विखुरतात. कुठं उंदीर जास्त, कुठं बेडूक, कुठं पाली. जिथं जे भक्ष्य त्याच्यावर ज्यांचं विष चांगलं चाललं ते तिथं पोट भरून राहिले, वाढले. दिसायला सगळे तेच राहतात, आतून हळूहळू वेगळे होतात. मी फळ्यावर एक खोड काढते आणि त्याला फांद्या काढते. मुलं ते वहीत उतरवून घेतात. सकाळी मला भीती वाटत होती की दोन वेगळे साप बाहेरून एकसारखे आहेत. आता भीती होती की एकसारखे दिसणारे साप आतून वेगळे आहेत, आणि माझ्या शिरेत जाणारं औषध दुसऱ्या फांदीवरचं आहे.

आणखी एक गोष्ट मला तिथं उमगली. नैसर्गिक निवड शिकवताना मी नेहमी उरलेल्यांबद्दल बोलते. उरले, वाढले, पिल्लं झाली. न उरलेल्यांचं एका शब्दात संपतं. त्या खाटेवर पडून मला पहिल्यांदा त्यांचा विचार आला. प्रत्येकाला काहीतरी झालं असणार. प्रत्येकाचा एकेक दिवस असणार, सकाळी साधा सुरू झालेला. मला त्यांच्यात जायचं नव्हतं. मी किती मोठ्यानं श्वास घेत होते कोणास ठाऊक, नर्स येऊन माझ्या छातीवर हात ठेवून उभी राहिली.

संध्याकाळी नवरा आला. त्याच्या हातांचं ग्रीस अजून निघालेलं नव्हतं. मी त्याला रुमाल दाखवला. त्यानं तो घडी करून आपल्या खिशात ठेवला. पुन्हा औषध चढवलं. पुढचं मला सलग आठवत नाही.

सकाळी डॉक्टर नळी घेऊन स्वतः माझ्याजवळ आले. त्यांनी ती माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि तिरकी केली. मी डोळे मिटले होते. ते म्हणाले, बघा. रक्त नळीच्या तळाशी जांभळासारखं घट्ट बसलं होतं. त्यांनी नळी पार उलटी केली, तरी पडलं नाही.

तरी भीती संपली नाही, तिनं जागा बदलली. आता सगळे माझ्या लघवीकडे बघत होते. ती फार थोडी आणि चहाच्या रंगाची होत होती. रोज ती मापात धरायची, रोज रक्त तपासायला जायचं, रोज डॉक्टर आकडे बघून उद्या बघू म्हणायचे. जावेनं घरचं सगळं टाकून माझ्याजवळ मुक्काम केला. डायलिसिसचं मशीन लावावं लागेल, असं एक दिवस ठरलंही होतं. दुसऱ्या दिवशी लघवी थोडी मोकळी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी, आणि मशीन लावायचं टळलं. जावेनं ते मापाचं भांडं नर्सकडे असं नेलं, जसं कोणी प्रसादाचं ताट नेतं. मी हसले. चावल्यापासून पहिल्यांदा.

घरी आले तेव्हा कापसाची पहिली वेचणी उरकली होती. अंगठ्याच्या मुळाशी मांस झडून खड्डा पडला होता, तो भरायला बरेच दिवस गेले. आता अंगठा पूर्ण वाकत नाही. खडू मी उजव्या हातानं धरते, त्यामुळे अडत नाही.

त्यानंतरच्या वर्षी तोच धडा पुन्हा आला. मी निवडुंगांचं उदाहरण दिलं आणि तिथंच थांबणार होते. सापांचं सांगायचं नाही असं ठरवून आले होते. पण वर्गात सगळ्यांना माझी हकिकत माहीत होती. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, डुरक्याला माहीत असतं का, आपण घोणशीसारखे दिसतो ते?"

मी म्हणाले, नाही. त्याला काहीच माहीत नसतं. घोणशीलाही नसतं. कोणी कोणाची नक्कल ठरवून करत नाही. हे सांगताना मला बाकाची कड धरावी लागली. मी धडा पूर्ण केला, फांद्यांचं चित्रही काढलं.

शेतावर मी जाते, पण ढिगाजवळ जात नाही. काडांची साधी सळसळ झाली तरी मी पाय वर घेते. जाऊ मला हसत नाही. मागच्या सुट्टीत आम्ही दोघी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा तिनं आपण होऊन विषय काढला. मान खाली घालून, शेंगेतले दाणे काढत.

"ताई, एक सांगू का? ते रगत नळीतून व्हायलं ना, तव्हा मला तुमचा इचारच आला न्हाई. तुमी समोर पडलेल्या, आन मी आपली ह्यांचाच इचार करून राह्यले. मला लई दिवस त्याचं वाईट वाटत राह्यलं."

मी तिला म्हणाले की त्या वेळी मलाही तुझ्या नवऱ्याचा विचार जेवढा आला, त्याहून जास्त माझाच आला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं सुपातली शेंगांची एक मूठ माझ्याकडे सरकवली, आधी त्यात हात फिरवून, बोटांनी नीट चाळून, आत काही नाही ना ते बघून.